कोणत्या व्हीएमचा बॅकअप क्लाउडवर होतो?

२१ मार्च २०२१ हा रविवार होता. त्या दिवशी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे आपल्या एमआयडीसीच्या, सर्व्हरांवर ‘सिनॅक’ नावाच्या रॅन्समवेअरचा हल्ला झाला. माहितीच्या फायली कुलूपबंद झाल्या आणि राज्यभरातल्या कार्यालयांचे ऑनलाइन कामकाज अडकले. पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, दिल्लीच्या ‘एम्स’वर तीच वेळ आली. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातल्या एका अग्रगण्य सरकारी रुग्णालयात पंधरवडाभर केसपेपर हाताने लिहावे लागले. दोन्ही ठिकाणी सावरता आले ते एकाच कारणाने. हल्ला पोहोचला नव्हता अशा वेगळ्या जागी बॅकअप होता. एम्सची ई-हॉस्पिटल प्रणालीतली माहिती अशाच एका सुरक्षित राहिलेल्या बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाली, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले.

गोंदियात बसून या बातम्या वाचताना त्या दूरच्या वाटतात. पण १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा हा जिल्हा आता संगणकावाचून एक दिवसही चालत नाही. तांदूळ गिरण्यांचा हिशोब टॅलीत असतो, पतसंस्थांची खाती सर्व्हरवर असतात, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट, शाळांचे प्रवेश, कृषी केंद्रांचा साठा, सगळे तिथेच. सरकारी धानाची भरडाई घेणाऱ्या गिरणीला एक क्विंटल धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ परत द्यावा लागतो. किती धान उचलले, किती तांदूळ जमा केला, कोणत्या लॉटचा किती बाकी आहे, ही नोंद हरवली तर गिरणीमालकाच्या हातात बाजू मांडायला काही उरत नाही.

म्हणून आता अनेक जण म्हणतात, “आमचा बॅकअप क्लाउडवर आहे.” पण क्लाउड बॅकअप सेवा प्रत्येक यंत्राला संरक्षण देत नाही. कोणत्या यंत्राला देते, कोणत्या अटींवर देते आणि काय बाहेर सोडते, हे आधी कळले तरच तो बॅकअप वेळेला कामी येतो. हे प्रकरण त्यासाठीच आहे.

यंत्र, पण फाइलच्या रूपातले

आधी व्हीएम म्हणजे काय ते पाहू. एका दणकट सर्व्हरवर हायपरवायझर नावाचे सॉफ्टवेअर बसवतात. ते सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांची वाटणी करून अनेक स्वतंत्र ‘संगणक’ तयार करते. प्रत्येकाला स्वतःचे विंडोज किंवा लिनक्स, स्वतःचा पासवर्ड, स्वतःची सी ड्राइव्ह. आत बसून काम करणाऱ्याला फरक कळत नाही. हीच व्हर्च्युअल मशीन, बोलण्यात व्हीएम. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. साध्या सर्व्हरांवर ही कल्पना रुजवली १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने. पुढे २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आले.

व्हीएमची डिस्क म्हणजे प्रत्यक्षात एक भली मोठी फाइल असते. बॅकअपच्या दृष्टीने सगळी किमया इथे आहे. व्हीएमच्या आत न शिरता, खालून, हायपरवायझरच्या पातळीवरून त्या फाइलचे एका क्षणापुरते चित्र घेता येते. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. विंडोज, टॅली, परवाने, प्रिंटरच्या जोडण्या, सगळ्यासकट आख्खे यंत्र त्यात येते आणि पुढे तसेच्या तसे उभे करता येते.

पण त्यासाठी बॅकअप सेवेला हायपरवायझरपर्यंत पोहोचता आले पाहिजे. कोणती व्हीएम संरक्षणात येते आणि कोणती येत नाही, याचे बहुतेक उत्तर या एका गोष्टीत आहे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: माझी व्हीएम राहते कुठे?

पहिला प्रश्न: व्हीएम राहते कुठे?

यंत्र त्याच क्लाउडमध्ये असेल तर काम सर्वांत सोपे. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर क्लाउडवर व्हीएम घेतली असेल तर अ‍ॅझ्युअर बॅकअप तिचे संरक्षण थेट करते. जमीन आणि हायपरवायझर दोन्ही त्याच कंपनीचे असल्याने वेगळे काही बसवावे लागत नाही. पहिल्या बॅकअपच्या वेळी एक छोटा पूरक भाग यंत्रात आपोआप बसतो. अ‍ॅमेझॉनची बॅकअप सेवा तिच्या ईसी२ यंत्रांसाठी हेच करते.

इथे एक अट नीट लक्षात ठेवावी. अ‍ॅझ्युअरमध्ये बॅकअप ज्या तिजोरीत जातो तिला व्हॉल्ट म्हणतात, आणि ती तिजोरी व्हीएमच्याच प्रदेशात असावी लागते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात पुणे, मुंबई आणि चेन्नई असे तीन प्रदेश सुरू केले. गोंदियातल्या संस्थेची व्हीएम पुण्याच्या, म्हणजे ‘सेंट्रल इंडिया’ या प्रदेशात असेल, तर तिची तिजोरीही तिथलीच हवी. तिजोरी करताना ‘भौगोलिक प्रत’ हा पर्याय निवडला, तर आणखी एक प्रत चेन्नईत राहते. पुण्यावर संकट आले तरी नोंदी टिकतात. हा पर्याय तिजोरीत पहिले यंत्र नोंदवण्याआधीच ठरवावा लागतो, नंतर बदलता येत नाही. म्हणून घाई करू नये.

यंत्र स्वतःच्या कार्यालयातल्या सर्व्हरवर असेल तर मध्ये एक दुवा लागतो. गिरणीच्या किंवा पतसंस्थेच्या खोलीत सर्व्हर आहे, त्यावर हायपर-व्ही किंवा व्हीएमवेअर आहे आणि त्यावर दोन-तीन व्हीएम आहेत, असे समजा. क्लाउड कंपनीला इथला हायपरवायझर दिसत नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टचा बॅकअप सर्व्हर इथेच बसवावा लागतो. तो स्थानिक व्हीएमची प्रत आधी स्वतःच्या डिस्कवर घेतो आणि मग अ‍ॅझ्युअरकडे पाठवतो. हायपर-व्ही आणि व्हीएमवेअर या दोन्ही घरांतली यंत्रे त्याच्या कक्षेत येतात. अ‍ॅमेझॉननेही २०२१ च्या अखेरीपासून स्थानिक व्हीएमवेअर यंत्रांसाठी असाच एक दुवा दिला आहे.

लहान कार्यालये इथे एका ठिकाणी हमखास फसतात. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय हायपरवायझरची एक फुकट आवृत्ती आहे. ती २०२४ च्या फेब्रुवारीत बंद केली गेली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये परत आली. व्हीएम तिच्यावर छान चालतात, पण बाहेरच्या बॅकअप सॉफ्टवेअरसाठी लागणारा दरवाजा तिच्यात बंद असतो. त्यामुळे यंत्र व्हीएमवेअरचे असूनही क्लाउड बॅकअपच्या कक्षेबाहेर राहते. सर्व्हर लावून देणाऱ्याला “परवाना कोणता आहे?” हे स्पष्ट विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

दुसऱ्याच्या क्लाउडमधल्या यंत्राचे काय? अ‍ॅझ्युअरची सेवा अ‍ॅमेझॉनवरच्या व्हीएमचा स्नॅपशॉट घेऊ शकत नाही, कारण तो हायपरवायझर तिच्या ताब्यात नाही. अशा वेळी त्याच क्लाउडची बॅकअप सेवा घ्यावी, किंवा अनेक क्लाउडवर चालणारे वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे.

आणि चौथा प्रकार, जो आपल्याकडे वेगाने वाढतो आहे: ‘टॅली ऑन क्लाउड’. महिन्याला ठरावीक भाडे भरा, लॉगिन घ्या, घरून किंवा गिरणीतून काम करा. इथे व्हीएम तुमची नसते. पुरवठादाराच्या यंत्रात तुम्हाला एक कोपरा मिळालेला असतो. तुम्ही अ‍ॅझ्युअरचे खाते उघडले तरी त्या यंत्रावर बॅकअप लावू शकत नाही. तिथे दोनच गोष्टी हातात असतात. करारात बॅकअपची जागा, वेळ आणि मुदत लिहून घेणे, आणि आपल्या कंपनीच्या डेटाची प्रत ठरल्या वेळी स्वतः उतरवून घेणे.

व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साध्या सॉफ्टवेअरने डेस्कटॉपवर चालवलेली व्हीएम वरच्या कोणत्याच वाटेने संरक्षित होत नाही. ती आतून, एखाद्या साध्या संगणकासारखी सांभाळावी लागते. मायक्रोसॉफ्टचा फायली-फोल्डरांचा एजंट त्यासाठी चालतो, पण फक्त विंडोजवर. तो लिनक्सवर बसत नाही आणि तो फायली वाचवतो, आख्खी व्हीएम नव्हे. यंत्र पुन्हा उभे करायची वेळ आली तर विंडोज आणि टॅली नव्याने बसवावे लागतील.

दुसरा प्रश्न: डिस्क कोणत्या?

व्हीएम यादीत आहे म्हणजे तिच्या सगळ्या डिस्क बॅकअपमध्ये येतात, असे नाही. अ‍ॅझ्युअरमध्ये मर्यादा उदार आहेत. एका व्हीएमला ३२ पर्यंत डेटा डिस्क, प्रत्येक डिस्क ३२ टेराबाइटपर्यंत. गोंदियातल्या कोणत्याही गिरणीला वा रुग्णालयाला हे पुरून उरेल. अडचण आकाराची नसते, प्रकाराची असते.

आपल्याकडच्या संगणकांत सी ड्राइव्हवर विंडोज आणि डी ड्राइव्हवर डेटा ठेवायची सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. टॅलीचे फोल्डर डीवर टाका, म्हणजे विंडोज बिघडले तरी हिशोब वाचेल, असे प्रत्येक संगणक दुरुस्ती करणारा सांगतो. साध्या संगणकावर तो सल्ला योग्य आहे. अ‍ॅझ्युअरच्या अनेक प्रकारच्या विंडोज व्हीएममध्ये मात्र डी ड्राइव्ह ही तात्पुरती डिस्क असते. यंत्र दुसऱ्या सर्व्हरवर हलले की ती रिकामी होऊ शकते आणि बॅकअप तिला स्पर्शही करत नाही. म्हणूनच ती उघडली की त्यात ‘डेटालॉस वॉर्निंग रीडमी’ अशा अर्थाच्या नावाची एक फाइल दिसते. डेटा जाण्याचा इशारा देणारी ही फाइल कोणी उघडत नाही. मुनीम सवयीने टॅलीचे फोल्डर तिथे ठेवतो, पोर्टलवर रोज ‘बॅकअप यशस्वी’ अशी हिरवी अक्षरे येत राहतात आणि त्या यशस्वी बॅकअपमध्ये हिशोब नसतोच. क्लाउडवर यंत्र घेतले की पहिल्याच दिवशी ही एक गोष्ट तपासावी: आपला डेटा कोणत्या ड्राइव्हवर आहे? वेगळी डेटा डिस्क जोडून ती ई किंवा एफ या अक्षराने घ्यावी आणि हिशोब तिथे ठेवावा.

स्थानिक सर्व्हरांवरही असे अपवाद असतात. व्हीएमवेअरमध्ये काही डिस्क ‘स्वतंत्र’ म्हणून ठेवल्या जातात, किंवा प्रत्यक्ष डिस्क थेट व्हीएमला जोडली जाते. अशा डिस्कचा स्नॅपशॉट घेता येत नाही. हायपर-व्हीमध्ये थेट जोडलेल्या डिस्कची गोष्ट तीच. दोन व्हीएम एकच डिस्क वाटून वापरत असतील, तर अ‍ॅझ्युअरमधल्या व्हीएम बॅकअपला ती चालत नाही. यावरून नियम असा निघतो: ज्याचे चित्र घेता येते, त्याचाच बॅकअप होतो.

तिसरा प्रश्न: आत काय चालू आहे?

बॅकअपच्या क्षणी मुनीम बिल नोंदवत असेल तर? नोंद अर्धी डिस्कवर आणि अर्धी मेमरीत असते. त्या क्षणाचे चित्र घेतले आणि पुढे त्यावरून यंत्र उभे केले, तर ते वीज अचानक गेल्यानंतर पुन्हा चालू केलेल्या संगणकासारखे उठते. उठेल बहुतेक, पण शेवटची नोंद फाटलेली असू शकते.

विंडोजमध्ये यावर उपाय आहे. व्हॉल्यूम शॅडो कॉपी ही सोय स्नॅपशॉट घेण्याआधी डेटाबेसला क्षणभर थांबवते, मेमरीतले सगळे डिस्कवर उतरवून घेते आणि मगच चित्र घेऊ देते. तिच्याशी जुळवून घेणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरसारख्या प्रणालीची प्रत आतून-बाहेरून शुद्ध मिळते. लिनक्समध्ये मूळ सोय फायलींपुरती आहे. मायएसक्यूएल किंवा तत्सम डेटाबेस असेल तर आधी आणि नंतर चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट लिहून त्याला क्षणभर थांबवावे लागते. पतसंस्थेचे किंवा रुग्णालयाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत असेल, तर पुरवठादाराला हा प्रश्न विचारल्याशिवाय सोडू नका: “डेटाबेस थांबवायची स्क्रिप्ट लावली आहे का?”

व्हीएम बंद असली तरी तिच्या डिस्कचा बॅकअप होतो. पण आतली विंडोज फार जुनी असेल तर पंचाईत होते. एखाद्या वजनकाट्याचे किंवा लॅबच्या यंत्राचे सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीशिवाय चालत नाही, म्हणून ते व्हीएममध्ये जपलेले असते. अशा यंत्राची आतून शुद्ध प्रत मिळण्याची खात्री नसते. काम संपल्यावर ते पूर्ण बंद करावे आणि मग प्रत घ्यावी.

वेळ, वेग आणि मुदत

क्लाउडमधल्या यंत्राचा बॅकअप क्लाउडच्या आतच होतो, त्यामुळे आपल्या इंटरनेटचा वेग आड येत नाही. स्थानिक सर्व्हरचा मात्र येतो. ५०० जीबीचा सर्व्हर २० एमबीपीएस अपलोडच्या लाइनवरून पुण्याला पाठवायचा, तर लाइन पूर्ण वेगाने चालली तरी ५५ तासांहून अधिक लागतात. जून महिन्यात विजांच्या कडकडाटात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा हाच आकडा आठवड्यावर जाऊ शकतो. दिलासा असा की पहिल्या प्रतीनंतर फक्त बदललेला भाग जातो. दिवसाकाठी ५ जीबी बदलले, तर त्याच लाइनवर ३३-३४ मिनिटे पुरतात. म्हणून पहिली प्रत हंगाम सुरू होण्याआधी पूर्ण करून घ्यावी. खरिपाच्या धान खरेदीच्या धांदलीत तिला हात घालू नये.

किती दिवस ठेवायचे, हे कायदाच बऱ्याच अंशी ठरवून देतो. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला हिशोबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. ऑगस्ट २०२२ मध्ये बदललेल्या नियमानुसार, इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज घेणे कंपनीला बंधनकारक आहे. भागीदारीतल्या गिरणीला हा कंपनी नियम लागू नसला तरी शिस्त म्हणून तो उत्तमच आहे. अ‍ॅझ्युअरच्या साध्या धोरणात दिवसातून एकदा बॅकअप होतो. सुधारित धोरणात दर चार तासांनीही घेता येतो. ‘ट्रस्टेड लाँच’ प्रकारच्या नव्या व्हीएमसाठी हे सुधारित धोरण निवडावे, असा आग्रह असतो. रोजच्या प्रती महिनाभर, महिन्याच्या प्रती वर्षभर आणि मार्चअखेरची प्रत आठ वर्षे, अशी मांडणी बहुतेकांना पुरते.

चोराच्या हाती किल्ली लागू नये म्हणून

आता पुन्हा एमआयडीसी आणि एम्सकडे वळू. रॅन्समवेअर चालवणारे आधी बॅकअप शोधतात आणि पुसतात, मग डेटा कुलूपबंद करतात. म्हणून बॅकअप दुसऱ्या जागी असणे पुरेसे नाही. तो दुसऱ्याच्या अधिकारातही असला पाहिजे. गोंदियाच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बियाण्याचे धान तो घरखर्चाच्या धानात मिसळत नाही, वेगळ्या कणगीत ठेवतो आणि दुष्काळातही तिला सहजासहजी हात लावत नाही.

अ‍ॅझ्युअरमध्ये पुसलेला बॅकअप लगेच नष्ट होत नाही. तो १४ दिवस मागे राखला जातो, तेही जादा पैसे न घेता. तिजोरी ‘अपरिवर्तनीय’ करण्याचीही सोय आहे. ती कायमची कुलूपबंद केली, की ठरलेल्या मुदतीआधी मालकालाही प्रत पुसता येत नाही. बॅकअपच्या खात्याचा पासवर्ड रोज वापरायच्या खात्यापासून वेगळा ठेवा, दुसरी ओटीपीची पायरी चालू ठेवा आणि ती किल्ली सर्व्हर लावून देणाऱ्या एकट्या माणसाकडे सोडू नका. व्हीएम संरक्षणाच्या यादीत येणे हा अर्धा भाग आहे. ती प्रत कोण पुसू शकतो, हे ठरवणे हा दुसरा अर्धा.

विकत घेण्याआधी

सेवांच्या याद्या दर काही महिन्यांनी बदलतात. आज न चालणारी डिस्क उद्या चालू शकते, आणि जुनी विंडोज यादीतून गळू शकते. म्हणून प्रत्येक कंपनीची ताजी सुसंगतता यादी उघडून आपल्या यंत्राशी ओळीने ओळ जुळवावी. यंत्र कोणत्या हायपरवायझरवर आहे आणि त्याचा परवाना कोणता? डेटा कोणत्या डिस्कवर आहे? आत कोणता डेटाबेस चालतो आणि तो थांबवायची सोय आहे का? तिजोरी कोणत्या शहरात आहे? प्रत कोण पुसू शकतो? या पाच प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहिता आली, तर आपल्या बॅकअपमध्ये काय आहे हे आपल्याला खरोखर माहीत आहे.

सहावा प्रश्न कागदावर सुटत नाही, त्यासाठी यंत्र उठवून पाहावे लागते. धान खरेदीची केंद्रे सुरू होण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या निवांत दिवसांत, पुरवठादाराला समोर बसवा आणि कालच्या बॅकअपवरून वेगळ्या जागी व्हीएम उभी करायला सांगा. टॅली उघडा, शेवटचे व्हाउचर पाहा, शेवटच्या भरडाई लॉटचा बाकी तांदूळ खातेवहीशी जुळवा. किती वेळ लागला तो लिहून ठेवा. हे आकडे जुळले, तरच पोर्टलवरच्या ‘संरक्षित’ या शब्दावर विश्वास ठेवा. नाही जुळले, तर दुरुस्तीला अजून वेळ आहे, कारण हंगाम सुरू व्हायचा आहे आणि मूळ सर्व्हर अजून चालू आहे.